उतरायचं कुठे

"आई, तू उतरणार कुठे?"
ऋजुताने फोनवर विचारलं.
तिच्या मोडक्या मराठीत हा एक शब्द अखंड,
जसं मी विमान आहे
आणि तिला धावपट्टी मोकळी करायची आहे.

लग्न सफरचंदांच्या बागेत, जुन्या गोठ्यात.
गोठाच, पण झुंबरं लावलेला,
गाईंना परवडणार नाही असा.
पिट्सबर्गपासून अठ्ठेचाळीस मैल,
त्यातल्या शेवटच्या नवांत फोनही मुका होतो.

शहरात उतरावं, तर एकोणिसावा मजला,
खाली तीन नद्या, पुलांवर दिवे,
चादर इतकी ताठ की आत शिरताना परवानगी मागावी.
पण रात्री अकराला त्या डोंगरातून
मला परत कोण आणणार?
डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून
अंधारात मी गाडी काढत नाही.

गावात एकच इन. खोल्या अकरा.
सातवी सुहासने फेब्रुवारीतच धरली,
स्वतःसाठी आणि नीलाक्षीसाठी.
हा माणूस कधीपासून इतकं आधी ठरवायला लागला?
भिंती लाकडाच्या. तो पहाटे साडेचारला खोकणार,
दोनदा, मग थांबून एकदा.
बावीस वर्षं मी त्या खोकल्यावर चहा ठेवला.
नको. हात आपसूक आधणाकडे जाईल.

हायवेच्या फाट्यावर मोटेल आहे, बासष्ट डॉलर,
बर्फाचं मशीन, रात्रभर ट्रकांची घरघर.
त्याचं मला वावडं नाही.
पहिल्या मुलाखतीला अशाच एका खोलीत राहिले होते,
साडी न्हाणीघरात वाफेवर टांगून.
पैसे भरणारच होते,
तेवढ्यात तळाशी बारीक अक्षरं:
खोलीत धूर दिसल्यास दंड अडीचशे.

तेव्हा आठवलं, पिशवीत काय बांधून ठेवलंय ते.
खडेमीठ, मोहऱ्या, सात सुक्या मिरच्या.
लग्नाच्या आदल्या रात्री लेकीची दृष्ट उतरवायची आहे.
विश्वास आहे का, विचारू नका.
तीस वर्षं मी प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासलं,
दृष्ट एकदाही सापडली नाही काचेवर.
तरी प्रत्येक तापानंतर, प्रत्येक मोठ्या परीक्षेआधी
ती डोळे मिटून समोर बसत आली
आणि मी ओवाळत आले.
आता हे जाळायचं कुठे?
एकोणिसाव्या मजल्यावर छतातून पाऊस पडेल.
इनमध्ये तर अकराच्या अकरा खोल्या
पायजम्यात अंगणात.

मग मार्लीनचा फोन. विहीणबाईंचा.
"शिवणकामाची खोली रिकामी करतेय.
कुत्रा घोरतो, चालेल?"
माझ्या आईने माझ्या सासरी
पाणीसुद्धा घोट मोजून प्यायलं होतं.
जानवसा मुलीकडच्यांनी द्यायचा असतो,
आपण जाऊन त्यात झोपायचं नसतं.
नकाराचे गोड शब्द जुळवत होते मी,
तोंडून निघालं, "तुमच्याकडे बाहेर चूल आहे का?"

मागच्या पडवीत लोखंडी शेगडी आहे, म्हणाली.
हरणाचं मांस भाजतो त्यावर, पण घासून ठेवते.
पाऊस आला तरी वर पत्रा आहे.
मी सगळं सांगून टाकलं,
मिठाची मूठ, मिरच्यांची संख्या,
वास आला नाही तर दृष्ट मोठी होती असं समजायचं, तेही.
बराच वेळ तिकडून काहीच नाही.
मला वाटलं, ते शेवटचे नऊ मैल आले.
मग हळू आवाजात,
"कॅलेबलाही बसवता येईल का?
लहानपणापासून चटकन आजारी पडतो तो."

तर ऋजुता, लिहून घे.
जिथे उतरवता येईल तिथे उतरणार.
शिवणकामाची खोली, कुत्र्यासकट.
मिरच्या आता चौदा आणते.
आणि खोकल्याचं औषध टाकलंय बॅगेत,
ते सातव्या खोलीत पाठव कुणाच्या तरी हाती.
कुणी दिलं, ते सांगू नकोस.